जिवलीकाकी हवेतून येणार

वेवजीच्या पाड्यावर लग्न म्हटलं की भटजी लागत नाही, धवलेरी लागते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहायला बायका बसल्या की ती गायला बसते, आणि ती गायला बसली की मगच लग्न लागायला लागतं. बाकी बँड, फोटोवाला, वऱ्हाडाचा टेम्पो हे सगळं तिच्या मागून. त्यामुळे हर्षदाचं लग्न गंजाडच्या तुषारशी ठरलं तेव्हा तिचे वडील विनोद वरठा जिवलीकाकीच्या अंगणात गेले, ते काही विनंती करायला नव्हे. तारीख कळवायला गेले. काकीने त्यांच्या स्वतःच्या लग्नात गायलं होतं, पाड्यातल्या निम्म्या लग्नांत गायलं होतं. ती येणार की नाही असा प्रश्न विनोदरावांच्या डोक्यात शिरलाच नव्हता.

"मी नाय येत," काकी म्हणाली. हातातलं सूप थांबलंसुद्धा नाही.

विनोदराव तलासरीच्या एका कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. तिथे लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत, आणि घरी आल्यावरही ते थोडे भाऊसाहेबच राहत. नकार देणं हे आपलं काम आहे, घेणं नव्हे, अशी त्यांची इतक्या वर्षांची समजूत होती. म्हणून त्यांना वाटलं, काकीला ऐकू आलं नसेल. त्यांनी तारीख पुन्हा सांगितली.

"ऐकला मी. पण तू काय बोललेलास? काकी, तू गा, टीव्हीवाले तुझं गाणं नेतील, मग आपल्या अंगणात बसून सगळा पाडा तुला टीव्हीत बघेल. बघितला का पाड्याने?"

हे मात्र खरं होतं. दिवाळीनंतर टीव्हीच्या प्रादेशिक केंद्राची माणसं कॅमेरे घेऊन आली होती. त्यांना धवलेरी हवी होती. काकी तयार नव्हती; मांडव नाही, नवरा-नवरी नाही, कॅमेऱ्यासमोर काय गायचं, असं तिचं म्हणणं. तेव्हा मध्ये पडले ते विनोदराव. साहेबलोकांसमोर आपल्या शब्दाला किती वजन आहे हे दाखवायची ती संधी होती आणि त्यांनी ती घेतली. काकीने त्यांच्या शब्दाखातर गायलं. माणसं गाणं घेऊन गेली ती गेलीच.

"तलासरीच्या बाजारात बायका विचारतात," काकी म्हणाली, "धवलेरीबाई, टीव्हीत कधी येणार? आणि तोंडाला पदर लावून हसतात. माझ्या तोंडावर कोणी हसला नव्हता आजपर्यंत. तुझ्यामुळे हसले. आधी मला दाखव, सगळ्या पाड्याला दाखव, मग मी गाते. नायतर बँड लावून लग्न कर."

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट बायकोला, सुषमाला, हसण्यावारी नेऊन सांगायचा प्रयत्न केला. सुषमा हसली नाही. दुसऱ्या पाड्यावरची धवलेरी आणावी असं त्यांनी सुचवलं, तर ती म्हणाली, "विचारून आले मी आधीच. ती म्हणते, जिवली जिवंत असताना मी तिच्या पाड्यात गायला येऊ? उद्या मला कोण दारात उभं करेल?" मग थोडं थांबून म्हणाली, "हर्षदा रडतेय आत." यापुढे भाऊसाहेबपणा संपला आणि बाप उरला.

विनोदरावांनी प्रादेशिक केंद्रातल्या मॅडमना फोन लावला. मॅडम फार गोड होत्या. कार्यक्रम तयार आहे म्हणाल्या, तारीखही ठरली आहे. ती तारीख ऐकून विनोदराव खुर्चीवरून उठलेच, कारण ती नेमकी हर्षदाच्या मांडवाची संध्याकाळ होती. म्हणजे सात वाजता काकी टीव्हीत येणार आणि लगेच तिथेच गायला बसणार. याहून चांगला योग पंचांगातही निघाला नसता. फक्त एक बारीक गोष्ट आहे, मॅडम म्हणाल्या. हा कार्यक्रम केंद्राच्या नव्या डिजिटल वाहिनीवर आहे. ती छत्रीवर दिसत नाही, केबलवरही नाही. घरावर साधी अँटेना लावायची, मनोऱ्यावरून हवेतून थेट येते.

"मोबाइलवर?"

"टाकू ना नंतर."

नंतर म्हणजे कधी हे विनोदरावांनी विचारलं नाही. कचेरीत हा शब्द ते स्वतः रोज वापरत.

तरी त्यांनी काकीकडे खडा टाकून पाहिला. कार्यक्रम मोबाइलवर मागवून दाखवला तर? काकीने तुच्छतेने मान फिरवली. "मोबाइलात तर सुक्याचा बोकड पण येतो."

तेही खरं होतं. सुक्या म्हणजे शेजारी. एसटीत चालक होता, आता निवृत्त होऊन दुसऱ्यांची कामं कशी करावीत हे सांगायला मोकळा झालेला. त्याचा बोकड मोबाइलवर बराच लोकप्रिय होता.

अँटेना आणायला विनोदराव डहाणूला गेले. स्टेशनजवळ नविनभाईंचं टीव्हीचं दुकान आहे. अँटेना हा शब्द ऐकताच नविनभाईंनी चष्मा काढून पुसला. "साहेब, आ शुं बोल्या? अँटेना तर माझे बापूजी विकायचे." तरी गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही हा बापूजींचा नियम असल्यामुळे त्यांनी माळ्यावरून एक अँटेना उतरवली. तिच्यात कबुतराचं घरटं होतं आणि घरट्यात कबूतर होतं. कबूतर कोणत्याही परिस्थितीत उठायला तयार नव्हतं. शेवटी दुसरी उतरवली.

ती भली मोठी, लांब काड्यांची अँटेना मोटरसायकलवर आडवी बांधून विनोदराव डहाणूहून वेवजीला आले. वाटेत ज्याने पाहिलं त्याने विचारलं. चारोटीच्या नाक्यावर एका ओळखीच्या ग्रामसेवकाने तर "भाऊसाहेब, मासे वाळत घालायला नेताय का?" असंही विचारलं. घरी पोचल्यावर सुक्याने तिला एक प्रदक्षिणा घातली आणि सांगितलं की ही जुन्या टीव्हीची आहे, डिजिटलला आखूड काड्यांची लागते. सुक्याचं बोलणं बरोबर निघण्याची ही पहिलीच वेळ असावी, त्यामुळे विनोदरावांना ते जास्तच लागलं. ते पुन्हा डहाणूला गेले. आखूड काड्यांची अँटेना नविनभाईंच्या काउंटरखालीच होती. "तुम्ही मोठी बघून खुश झाले, म्हणून मी काही बोललो नाही," असं त्यांनी प्रेमाने सांगितलं.

अँटेना गच्चीवर लावली. टीव्हीवर निळा पडदा आला आणि 'सिग्नल नाही' अशी अक्षरं आली. अँटेना डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, सुक्याने सांगितलं तशी तिरकी धरली, सुक्याच्या बायकोने, संगिताने, सांगितलं तशी उलटी धरली. सिग्नल नाही.

"मुंग्या तरी येऊ द्या," सुक्या म्हणाला. "पूर्वी निदान मुंग्या यायच्या. मुंग्यांत माणूस ओळखू यायचा. मी अख्खा क्रिकेटचा सामना मुंग्यांत बघितलाय."

विनोदरावांनी त्याला समजावून सांगितलं की डिजिटलमध्ये मुंग्या नसतात. एक तर आरशासारखं स्वच्छ चित्र येतं, नाहीतर काहीच येत नाही. सुक्याला हे सरळसरळ अडवणुकीचं वाटलं. थोडं तरी द्यायला काय जातं यांना, असं तो दिवसभर ज्याला त्याला सांगत होता.

मनोरा दक्षिणेला, आणि मध्ये टेकडी. उंची हवी होती. पाड्यात सगळ्यांत उंच होता विनोदरावांच्या घरामागचा ताड, आणि तो ताड होता काळ्याकाकांचा. काळ्याकाका म्हणजे जिवलीकाकीचे यजमान. सकाळ-संध्याकाळ ते त्या ताडावर चढून ताडीचं मडकं बदलत. ज्याने ताड छेदायला घेतला त्याच्याखेरीज मोसमात त्यावर दुसऱ्या कोणी पाय ठेवायचा नाही ही रीत. म्हणजे ज्या काकीची समजूत काढायची तिच्याच नवऱ्याचे पाय धरायचे.

काळ्याकाका लगेच तयार झाले. "मलाही लग्नच पाहिजे," ते म्हणाले. "ती न गाणारी बाई घरात ठेवून बघ तू. सकाळपासून भांडी आपटते." अँटेना कमरेला बांधून ते सरसर वर गेले, तिथे ती घट्ट आवळली, वायर खाली सोडली आणि जाता जाता मडकंही बदललं.

आणि चित्र आलं! निळा पडदा फाटल्यासारखा गेला आणि त्याजागी हिरवंगार शेत आलं. सुषमा पळत आली, हर्षदा पळत आली, संगिता पोळी करपवून आली. शेतात उभा राहून एक गृहस्थ भुईमुगावरच्या किडीबद्दल बोलत होते. फार सुंदर बोलत होते. पण गुजरातीत.

वेवजीहून गुजरात एवढं जवळ की हाक मारली तरी ऐकू जावी. उत्तरेकडचा मनोरा घरात शिरला होता. झालं होतं असं की काळ्याकाकांनी अँटेना बांधली होती दक्षिणेलाच, पण मग मडकं टांगायला झावळीच्या देठापेक्षा अँटेनाचा दांडा सोयीचा वाटला म्हणून मडकं त्यालाच टांगलं. मडकं भरत गेलं तशी अँटेना वजनाने फिरत गेली आणि राज्याबाहेर गेली.

"चित्र स्वच्छ आहे की नाही?" सुक्या म्हणाला. "मग कशाला हलवता? काकीलाही गुजराती येते."

मडकं सोडवलं, तर अँटेना वाऱ्याबरोबर डोलायला लागली. आता मराठी वाहिनी यायची, पण बातम्या देणारी बाई मधेच थबकून चौकोन चौकोन व्हायची आणि ताड सावरला की पुढचं बोलायची. एवढ्यात ग्रामपंचायतीकडून नोटीस आली. पाड्यात कुणीतरी अफवा उठवली होती की वरठांनी ताडावर मोबाइलचा टॉवर बसवलाय, आता चिकू गळणार. नोटिशीत 'सदर बांधकामाबाबत लेखी खुलासा सादर करावा' असं वाक्य होतं. हे वाक्य विनोदरावांनी आयुष्यात शेकडो लोकांना पाठवलं होतं. स्वतःच्या घरी आलेलं ते वाचताना ते किती उर्मट आहे हे त्यांना प्रथमच जाणवलं. खुलासा घेऊन गेले तर तिथला कारकून चहा पीत होता. मान वर न करता तो म्हणाला, "ठेवून जा. बघू नंतर." विनोदराव उन्हात उभे राहिले आणि त्यांना आपल्या कचेरीबाहेरचा बाक आठवला. ही गोष्ट त्यांनी सुषमालाही सांगितली नाही.

असं करता करता मांडवाचा दिवस उजाडला. अंगणावर आंब्या-जांभळाचा पाला पसरून मांडव घातला. नातेवाईक आले, मुलं धावायला लागली, बायकांनी तांदूळ वाटून चौकासाठी पीठ कालवलं. आणि दुपारपासून वारा सुटला. टीव्ही मांडवात मधोमध स्टुलावर ठेवला होता आणि त्यावर एकसारखं 'सिग्नल नाही'. काळ्याकाकांनी ताडावरून अँटेना उतरवली. पाच वाजले. हर्षदा हळदीच्या साडीत दारात उभी होती. ती वडिलांकडे बघत राहिली. हे बघणं विनोदरावांना सगळ्यांत जड गेलं.

त्यांनी बांबूला अँटेना बांधली, गच्चीवर गेले, तिथून पाण्याच्या टाकीवर चढले आणि दोन्ही हातांनी बांबू डोक्यावर उचलून धरला.

"आलं!" खालून पन्नास गळे ओरडले.

त्यांनी बांबू टाकीला बांधायला खाली घेतला.

"गेलं!"

पुन्हा वर. "आलं!" पुन्हा खाली. "गेलं!" सुक्या अंगणात येऊन वाहतूक सांभाळल्यासारखे हात करू लागला. "भाऊसाहेब, तुमच्या हातात असलं की येतंय. तुम्हीच अँटेना आहात असं समजा. हलू नका!"

अशा रीतीने नवरीचे वडील, वरिष्ठ लिपिक, नवा कोरा शर्ट घालून, लेकीच्या मांडवाच्या संध्याकाळी पाण्याच्या टाकीवर बांबू घेऊन उभे राहिले. पाल्याच्या छपरामुळे त्यांना खालचं काहीच दिसत नव्हतं. फक्त आवाज येत होते. काकी आली, तिला पुढे खुर्ची दिली, तिने खुर्ची नाकारली आणि चटईवर बसली, एवढं त्यांना आवाजांवरून कळलं.

सात वाजले. निवेदिका बोलू लागली. आधी बांबूच्या टोपल्या झाल्या, मग मधमाश्या झाल्या. मधमाश्या काही संपेनात. विनोदरावांच्या खांद्यांत कळा येऊ लागल्या, नाकाच्या शेंड्यावर एक डास निवांत बसला. मग एकदम खाली कुणीतरी म्हणालं, "काकी! काकी आली!" आणि मांडव चिडीचूप झाला.

गाणं सुरू झालं. तो आवाज विनोदरावांच्या पुरत्या ओळखीचा होता. पण दोन ओळी होतात न होतात तोच निवेदिका त्यावरून बोलायला लागली. निसर्गाशी असलेलं नातं वगैरे.

"ही कोण बाई मधे बोलते?" काकीचा आवाज आला. "तिला सांगा गप बस."

निवेदिका खरंच गप्प झाली आणि गाणं वर आलं. त्यात कणसरीमातेचं, धान्याच्या देवीचं, नाव आलं. त्याच क्षणी डास चावला. विनोदरावांचं नाक हललं, मग मान, मग बांबू. खालचं गाणं कापल्यासारखं तुटलं.

"गेलं!" सुक्या ओरडला. "भाऊसाहेब! काकी तोंड उघडं ठेवून अडकलीय!"

विनोदरावांनी बांबू डावीकडे केला, उजवीकडे केला, पाय उंचावले. खालून 'आलं' येईना. आधी गलका झाला, मग तोही थांबला. काकी उठली असणार. पदर सावरून घराकडे निघाली असणार. आता हर्षदाला कोणत्या तोंडाने सामोरं जायचं? डासाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत त्यांनी बांबू अजून वीतभर वर ढकलला आणि डोळे मिटले.

आणि गाणं परत आलं!

जिथे तुटलं होतं तिथूनच आलं, कणसरीच्या नावापासून. पहिल्यापेक्षा स्वच्छ, पहिल्यापेक्षा मोठं. विनोदराव होते तिथे थिजले. आता काय वाट्टेल ते होवो, आपण हलायचं नाही. डास दुसऱ्यांदा बसला, त्यांनी बसू दिला. घाम डोळ्यांत उतरला, त्यांनी उतरू दिला. गाणं चालूच होतं. दुसऱ्या बायका मागून धरत होत्या. केंद्रवाल्यांनी एवढं लांब दाखवलं, याचं त्यांना कौतुक वाटलं. मॅडमना उद्याच फोन करून आभार मानायचं ठरवलं. हात बधिर झाले, मग हात आहेत की नाहीत हेही कळेना, पण बांबू तसूभर हलला नाही.

"काय करताय तुम्ही इथे?"

सुषमा गच्चीवर उभी होती. तिच्या हाताला तांदळाचं पीठ लागलं होतं.

"बोलू नकोस," विनोदराव ओठ न हलवता म्हणाले. "सिग्नल जाईल."

"कसला सिग्नल? टीव्ही केव्हाचा बंद केला. काकी गातेय."

"टीव्हीत?"

"खाली! मांडवात! ते चित्र तोंड उघडं ठेवून बसलं ना, काकी उठून टीव्हीजवळ गेली. म्हणाली, कणसरीचं नाव घेऊन कुणी असं मधेच थांबतं का? ह्या बाईला गाता येत नाय. आणि खाली बसून स्वतःच पुढचं घेतलं. बायकांनी चौक लिहायला घेतला. निम्मा झालाय. मधे टीव्ही परत लागला तर काकी ओरडली, तो बंद करा, मला गाऊ द्या." सुषमाचा आवाज जरा ओला झाला. "लग्न लागतंय हो. हर्षदा तुम्हाला शोधतेय."

विनोदरावांनी बांबू सुटू दिला. तो टाकीवरून घरंगळत गच्चीवर पडला, आखूड काड्या वाकल्या, आणि त्यांनी तिकडे वळूनही पाहिलं नाही. छातीवरचा एवढ्या दिवसांचा दगड उतरला होता. डोळ्यांत पाणी आलं, ते घामात खपून गेलं. ते टाकीवरून पाठ टेकवून घसरत उतरले, जिना उतरले, मांडवाच्या तोंडाशी आले. समोर भिंतीवर पांढरा चौक भरत होता आणि त्याच्यासमोर काकी डोळे मिटून गात होती. शेजारी हळद लावलेली हर्षदा बसली होती. तिने वडिलांना पाहिलं आणि हसली.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपले हात अजून डोक्यावरच आहेत. खांदे आखडले होते. काही केल्या हात खाली येईनात. ते तसेच, दोन्ही हात वर करून, गाण्यात शिरले.

"बाप नाचायला आला!" संगिता ओरडली, आणि सगळ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. काकीने एक डोळा उघडून पाहिलं, आणि आवाज आणखी चढवला.

विनोदरावांनी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही. त्यांनी एक पाय उचलला, मग दुसरा उचलला.